पंधरावा महिना

४ मे

रोमीना,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितो आहे. स्लीमातलं तुझं घर इथून नऊ किलोमीटरवर आहे आणि त्यासाठी मला तिकीट लावावं लागतं. पोस्टातल्या बाईने पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. आपलं बोलणं बंद आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

काम असं आहे. तुमची ऑनलाइन जुगाराची कंपनी माल्टात बाँड काढते आहे. दहा वर्षांचे, सव्वासहा टक्क्यांचे, अर्ज जुलैअखेरपर्यंत. आपल्या सान रोक्कू बँड क्लबला त्यात पन्नास हजार युरो घालायचे आहेत. उत्सवाच्या फटाक्यांच्या कारखान्याच्या नव्या छतासाठी अकरा वर्षं रविवारची जेवणं विकून जमवलेल्या ऐंशी हजारांतला हा पैसा आहे. क्लबच्या नियमाप्रमाणे तो हलवायला तीन सह्या लागतात. अध्यक्षाची, खजिनदाराची आणि समितीबाहेरच्या एका जाणत्या सभासदाची. तो जाणता सभासद मी आहे. व्हॅलेटातल्या दलालाच्या कचेरीत सव्वीस वर्षं मी कंपन्या तपासल्या आणि पैसा घालावा की नाही ते लिहून दिलं, म्हणून. चोवीस जुलैला सर्वसाधारण सभा आहे. तिथे मी अहवाल वाचीन, आणि सही करीन किंवा करणार नाही.

यंदा स्पिरू खाटीक अध्यक्ष आहे. काल क्लबच्या बारमध्ये तो म्हणाला, "हे बघ नेनू, बाकीच्या कंपन्यांचे कागद वाचावे लागतात. इथे आपली रोमीना बसलीये."

"म्हणून तर वाचायला हवेत."

"तुझा जन्मच गेला वाचण्यात. बँक काय देते? कॅलेंडर. तेही यंदा छोटं."

खजिनदार मार्थेज, शाळेत शिकवते ती, म्हणाली, "पण जुगाराचा पैसा, स्पिरू. दुन ॲन्जलू काय म्हणतील?"

"दुन ॲन्जलू दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये बिंगो लावतात, मार्थेज. आणि इथे हरतंय कोण? फिनलंडवाले. सहा महिने अंधार असतो त्यांच्याकडे. बिचाऱ्यांनी दुसरं करायचं काय?"

सगळे हसले. मीही हसलो. तेही इथे लिहून ठेवतो.

मला तुझ्याकडून दोन आकडे हवे आहेत. निम्मं उत्पन्न किती माणसांकडून येतं, आणि तशी माणसं किती दिवस टिकतात. तू घरी यायची गरज नाही. पोस्टकार्डावर लिही.

पपा


१७ मे

रोमीना,

तुझा संदेश मिळाला. "पपा, सगळं माहितीपत्रकात आहे. कामाचं मला विचारू नका, नियमात बसत नाही." आईच्या अंत्यविधीनंतर चार वर्षांत तुझ्याकडून आलेलं एवढंच. नियमात बसत नाही हे खरं आहे. तू बरोबर होतीस याचाच मला राग आला.

माहितीपत्रक वाचलं. एकशे चौऱ्याऐंशी पानं. पान एकशे बारावर तुझा फोटो आहे. केस कापलेस. खाली लिहिलंय, ग्राहकसंबंध प्रमुख.

पान एकसष्टवर पहिला आकडा मिळाला. शंभरातले दोन ग्राहक कंपनीला अठ्ठावन्न टक्के उत्पन्न देतात. दुसरा आकडा पान सत्त्याण्णवच्या तळटीपेत होता, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात. असा ग्राहक सरासरी चौदा महिने टिकतो.

तुला आठवत नसेल, तू दहा वर्षांची असताना मी एका दगडखाणीचे बाँड तपासले होते. मालक मला खाणीत घेऊन गेला, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, अठरा वर्षं पुरेल. मी मोजलं. सतरा वर्षं पुरणार होतं. मी सतरा लिहिलं. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही, पण खाण सतराव्या वर्षी संपली.

तुमच्या खाणीतला दगड चौदा महिन्यांत संपतो. नवा कुठून आणता यावर तुम्ही दहा पानं लिहिली आहेत, रंगीत आलेखांसह. जुना कुठे जातो त्यावर एक ओळही नाही. पंधराव्या महिन्यात काय होतं, रोमीना? ही माणसं कंटाळतात? दुसऱ्या कंपनीकडे जातात? की त्यांच्याकडचं संपतं? बाँड घेणाऱ्याने हे विचारलंच पाहिजे. कंटाळली असतील तर तुमचा खेळ वाईट आहे. दुसरीकडे गेली असतील तर तुमची कंपनी वाईट आहे. त्यांच्याकडचं संपत असेल तर धंदा उत्तम चालला आहे, आणि मी काय लिहायचं ते मला कळत नाही.

पपा


२ जून

रोमीना,

हॉटेलचे बाँड आले की मी तिथे एक रात्र राहायचो. बिस्किटांच्या कारखान्याचे आले तेव्हा तुझ्या आईने पंधरा दिवस घरात तीच बिस्किटं वाढली. नवव्या दिवशी तू रडलीस. वस्तू स्वतः वापरल्याशिवाय मी कधी अहवाल लिहिला नाही.

म्हणून तुमच्याकडे खातं उघडलं. शंभर युरो भरले. चाळीस मिनिटांत गेले. फळं फिरतात आणि थांबतात. मला कंटाळा आला. लोक परत का येतात कळलं नाही, असं अहवालात लिहिणार होतो. पुढे तीन दिवस तिकडे फिरकलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कंपनीकडून इंग्रजीत संदेश आला. खाली एमिल असं नाव. "तीन दिवस दिसला नाहीत. आम्ही काही विचारणार नाही. किल्ली दारालाच आहे."

मी भाजी निवडत होतो. सुरी बाजूला ठेवली.

इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही. हेलसिंकीत कोणी घराच्या दाराला बाहेरून किल्ली लावून ठेवत नाही. आपल्या गल्लीत ठेवतात, म्हणजे येणाऱ्याला दार वाजवावं लागू नये. आणि फोन ठेवताना हे वाक्य एकच बाई म्हणायची. तू लीड्सला शिकत होतीस तेव्हा दर रविवारी, आधी तुला भरपूर बोलून घेऊन मग शेवटी. काही विचारणार नाही, किल्ली दारालाच आहे.

शेवटचे सात आठवडे तिला पलंगावरून उठता येत नव्हतं. रोज संध्याकाळी मला विचारायची, किल्ली लावलीस ना दाराला? मी लावायचो. तू तेव्हा फिनलंडचं काम उभं करत होतीस. सात आठवड्यांत दोनदा आलीस. दुसऱ्या वेळी गाडी सुरूच ठेवली होतीस. अंत्यविधीहून परतल्यावर मी ती किल्ली काढून खिशात घातली आणि उंबऱ्यातच तुला सांगितलं की आता तुला इथे यायचं काही कारण उरलेलं नाही. सगळी गल्ली दारात उभी होती. ते मी बोललो. नाकारत नाही.

पण तू ते वाक्य उचललंस आणि अनोळखी माणसांना पाठवलंस, त्यांनी परत यावं आणि हरावं म्हणून. कोणत्या बैठकीत मांडलंस ते? फळ्यावर लिहिलंस? कोणी म्हणालं असेल, छान आहे, घरगुती वाटतं. ते किती जास्त लोकांना परत आणतं याची तुम्ही चाचणी घेतली असणार. तो आकडा मला सांग. तुझ्या आईची किंमत किती टक्के निघाली ते मला कळू दे.

नेनू


२१ जून

रोमीना,

अहवालाचं काम चालू आहे. गावातली बातमी आधी सांगतो, कारण ती तुझ्या कंपनीच्या फायद्याची आहे.

गावातल्या दुसऱ्या, वरच्या बँड क्लबने तुमच्या बाँडमध्ये साठ हजार घालायचं ठरवलं. हे स्पिरूला मंगळवारी दुकानात कळलं, वरच्यांची एक बाई कोकराचं मांस घ्यायला आली होती तिच्याकडून. संध्याकाळी त्याने समिती बोलावली.

"साठ," तो म्हणाला. "त्या सनईवाल्यांनी साठ घातले आणि आम्ही पन्नास? उत्सवात तोंड कुठे लपवायचं?"

मी म्हणालो, "स्पिरू, आतषबाजीत चढाओढ ठीक आहे. ही गुंतवणूक आहे."

"मग गुंतवणुकीत काय हरायचं का त्यांच्याकडून?"

मार्थेजने विचारलं, "किती घालायचे मग?"

"ऐंशी. सगळे."

"आणि छप्पर?"

"छप्पर व्याजातून होईल. नेनू, तू काही बोलू नकोस. तू सहीचा माणूस आहेस, बोलण्याचा नाहीस."

असा ठरला आकडा. सव्वीस वर्षांत मी गुंतवणुकीचे पुष्कळ सिद्धांत वाचले. हा त्यांत नव्हता.

आता दुसरं. मला आणखी तीन वाक्यं मिळाली आहेत. दोन-तीन दिवस खेळायचं, हरायचं आणि थांबायचं. मग एमिल लिहितो. "उशीर झाला तरी या. सूप गरम करायला दोन मिनिटं लागतात." चार दिवसांनी, "चिडून गेला असाल तरी चालेल. चिडलेला माणूससुद्धा जेवतो." आणि परवा, "तुमची खुर्ची कोणाला दिलेली नाही." हे शेवटचं ती तुझ्या मामाला म्हणायची, तो ऑस्ट्रेलियाला गेल्यावर. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. तुला ते आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

वाक्यं मी वहीत उतरवून घेतली आहेत. थोडा खर्च होतो. तो तपासणीचा खर्च धरतो. बाकी काळजीचं कारण नाही. काही जुने बाँड मोडले आहेत, पण ते स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे त्यासाठी.

नेनू


८ जुलै

रोमीना,

भिंतीला ओल आलेली नाही.

काल मार्थेज आली. उभ्यानेच म्हणाली, "नेनूसाहेब, तुम्ही जीझाचे सरकारी बाँड विकलेत?"

"कोणी सांगितलं?"

"क्लेटनने. म्हणजे क्लेटनने नाही, तो दलालाच्या कचेरीतलं बाहेर सांगत नाही. त्याच्या आईने सांगितलं."

"भिंतीला ओल आहे."

ती आत गेली आणि भिंतीला हात लावला. एका भिंतीला, मग दुसऱ्या. "कोरडी आहे," ती म्हणाली. मी तिला कॉफी विचारली. ती नको म्हणाली आणि बसली. बराच वेळ बसली. शाळेत मुलांना जसं बोलायला लावतात तसं, काही न बोलता.

अठरा हजार चारशे. तुझ्या आईच्या नावावर होते त्यातले जवळजवळ सगळे. तुला सांगणं भाग आहे, कारण निम्मे तुझे होते.

मला जिंकायचं नव्हतं. एकदा अकराशे जिंकलो तेव्हा वैतागलो, कारण जिंकणाऱ्याला एमिल लिहीत नाही. हरून थांबलेल्याला लिहितो. जास्त हरलेल्याला जास्त लिहितो. तिची आणखी किती वाक्यं तुझ्याकडे आहेत ते मला पाहायचं होतं. सात झाली. आठवं आलं तेव्हा ते पहिलंच होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. मग कळलं की तुझ्याकडे सातच आहेत, आणि तरीही मी दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

म्हणजे मे महिन्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता तू द्यायची गरज नाही. पंधराव्या महिन्यात माणूस भिंतीला ओल आल्याचं सांगतो. मला पंधरा महिने लागले नाहीत एवढंच.

शनिवारी घरी टोपली आली. चीज, वाइन, सुके अंजीर आणि वरच्या दर्जाचा ग्राहक झाल्याबद्दल अभिनंदनाचं कार्ड. अक्षर हाताचं वाटतं, पण छापील आहे, मी बोट ओलं करून पाहिलं. टोपली शेजारच्यांना दिली. त्यांनी विचारलं, रोमीनाने पाठवली का? मी हो म्हणालो.

आता मला हे सांग. अशा टोपल्यांची यादी तुझ्या विभागात होते. माल्टातली नावं त्यात दोन-चार असतील. एक नाव तुझ्याच आडनावाचं, तुझ्याच गावाचं, तुझ्याच गल्लीचं. यादी तुझ्यासमोर आली नसेल तर तू काम नीट करत नाहीस, आणि तू काम नीट करत नसशील यावर माझा विश्वास नाही. आली असेल तर तू ती वाचलीस. वाचून काय केलंस? बरोबरची खूण केलीस?

मी चिडलो आहे. तुझ्यावर चिडलो आहे, एमिल नावाच्या नसलेल्या माणसावर चिडलो आहे आणि अडुसष्ट वर्षांच्या एका गाढवावर चिडलो आहे, ज्याला ही युक्ती पहिल्या दिवशी कळली आणि जो सहा आठवडे तिच्यात राहिला. पण यादीवर सही त्या गाढवाने केलेली नाही.

नेनू


२५ जुलै

रोमीना,

काल सभा झाली. सत्तर माणसं होती. पंखे तीन, त्यातला एक बंद.

माझा अहवाल एक पानाचा होता. आतापर्यंत लिहिलेला सर्वांत लहान. मी वाचलं: कंपनीचा व्यवसाय फायद्याचा आहे. एकेक देश जुगारावर मर्यादा घालतो आहे, त्यामुळे दहा वर्षांचं सांगता येणार नाही. पाच वर्षं व्याज वेळेवर मिळेल. मला खोटं लिहिता आलं असतं. कंपनी बुडणार असं लिहिलं असतं तर तिथेच विषय संपला असता. सव्वीस वर्षांनंतर हात तसा वळत नाही. मग शेवटची ओळ वाचली: मी सही करणार नाही.

स्पिरू उठला. "म्हणजे बैल धडधाकट आहे, दात पाहिलेत, पाय पाहिलेत, आणि घेऊ नका?"

"हो."

"का?"

तेव्हा मी वही उघडली. किती हरलो ते सांगितलं. आकडा सांगितल्यावर मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. मग ती सात वाक्यं वाचली, आपल्या भाषेत करून. किल्लीचं, सुपाचं, चिडलेल्या माणसाचं. वाचताना लक्षात आलं की आपल्या भाषेत ती मी पहिल्यांदाच मोठ्याने वाचत होतो, आणि ऐकायला सगळं गाव बसलं होतं. आवाज साफ नव्हता. पंखा होता ते बरं, त्याचा आवाज होत होता.

तुझी पावला मावशी दुसऱ्या रांगेत होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "हे जीझाचं बोलणं आहे."

मी वहीचं पान उलटलं.

"नेनू, हे माझ्या बहिणीचं बोलणं आहे. त्यांना कोणी दिलं?"

"ठाऊक नाही. गावातल्या सगळ्याच बायका असं बोलतात."

"नाही बोलत."

"बोलतात, पावला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं. मार्थेजला कळलं. अर्ध्या खोलीला कळलं असेल. मी तुझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही ते मला विचारू नकोस. पत्रात मी तुला हवं ते बोलीन. सत्तर माणसांसमोर बोलणार नाही. एकदा उंबऱ्यात बोललो होतो, तेवढं पुरे झालं.

मग स्पिरूने विचारलं, अगदी हळू, चेष्टेचा सूर नसताना. लहानपणापासून ओळखतो त्याला, चेष्टा नव्हती. "नेनू, तू सव्वीस वर्षं या धंद्यात होतास. तुझ्यासारख्या माणसाकडून त्यांनी सहा आठवड्यांत अठरा हजार काढले?"

"हो."

"आणि तुला माहीत असताना की ते काढताहेत?"

"हो."

तो खाली बसला. "मग व्याज देतील ते," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. त्याने माझाच अहवाल माझ्यापेक्षा नीट वाचला होता. मी जे पुरावा म्हणून मांडलं होतं ते सगळं त्यांच्या बाजूला जाऊन बसलं. मला राग यावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून मला जन्मात आला नव्हता इतका राग आला. मी म्हणालो, "फिनलंडमध्येही एक क्लब असेल, स्पिरू. त्यांच्याही कारखान्याला छप्पर नसेल." तो म्हणाला, "असेल बाबा. पण ते वरचे साठ घालून बसलेत."

एकसष्ट विरुद्ध नऊ. मला जाणता सभासद म्हणून मोकळं केलं, आभाराचा ठराव करून. औषधांच्या दुकानातल्या कोल्यूला त्या जागी नेमलं. त्याने उभ्याउभ्या सही केली, पेनही माझंच घेतलं. मार्थेजने खजिनदार म्हणून सही केली, कारण ठराव झाला होता. मग ती मागे जाऊन भांडी विसळत बसली. कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या बाँडमध्ये ऐंशी हजारांची भर पडली. अभिनंदन.

आज सकाळी मी खातं बंद करायला बसलो. तिथे दोन बटणं आहेत. एक, मला जुगारापासून दूर ठेवा. ते दाबलं की खातं त्याच क्षणी बंद होतं आणि कोणी काही विचारत नाही, कायदाच तसा आहे. दुसरं, खातं बंद करण्याची विनंती. ते दाबलं की वरच्या दर्जाच्या ग्राहकाला दोन कामाच्या दिवसांत ग्राहकसंबंध विभागातून फोन येतो. फोन आल्यावर दहांतले सहा जण खातं चालूच ठेवतात, असं तुमच्या पत्रकात लिहिलं आहे.

शहाण्या माणसाने पहिलं दाबावं. माझ्या जागी बसलेल्या कोणालाही मी तेच सांगितलं असतं. मी दुसरं दाबलं.

हे पत्र मी दुपारी स्वतः येऊन तुझ्या पेटीत टाकतो, सोमवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. बेल वाजवणार नाही. सोमवारी आणि मंगळवारी मी दिवसभर घरी आहे. फोन दुसऱ्या कोणी केला तर त्याला बंद करा म्हणेन, तो करेल, आणि यापुढे तुला माझं पत्र येणार नाही.

तू केलास तर समोर लिहिलेला कागद ठेवू नकोस. त्यातलं सगळं मला पाठ आहे.

पपा